रुबिडियमच्या वाफेतून बोल्ट्झमन स्थिरांक: कुठली पायरी आधी, आणि आकडा कुठे चुकतो

दरवर्षी मार्चमध्ये एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या फाइली माझ्या टेबलावर येतात. लेझरने बोल्ट्झमन स्थिरांक (तापमान आणि अणूंची ऊर्जा यांना जोडणारा आकडा) मोजल्याच्या दोन-तीन तरी त्यात असतातच. कुणाचा १.७५ येतो, कुणाचा १.५४, कुणाचा अगदी १.३९; खरं मूल्य १.३८. पहिल्या दोघांना मी थांबवून विचारते. तिसऱ्याला मात्र जास्त वेळ थांबवते, कारण बरोबर आलेला आकडा चुकीच्या रीतीनेही येऊ शकतो. हा लेख त्या तिघांसाठी आहे.

प्रयोगाचं तत्त्व दोन ओळींत सांगते. काचेच्या सेलमधले रुबिडियमचे अणू तापमानाप्रमाणे इकडेतिकडे धावत असतात, त्यामुळे ७८० नॅनोमीटरची शोषणरेषा डॉप्लर परिणामाने रुंदावते. ती रुंदी मोजली, सेलचं तापमान मोजलं, की स्थिरांक निघतो. सूत्र असं: अणूचं वस्तुमान गुणिले तरंगलांबीचा वर्ग गुणिले रुंदीचा वर्ग, आणि या सगळ्याला भागायचं ८ गुणिले दोनाचा नैसर्गिक लॉग गुणिले केल्विनमधलं तापमान यांच्या गुणाकाराने. रुंदी म्हणजे निम्म्या उंचीवरची पूर्ण रुंदी.

सूत्रात रुंदीचा वर्ग आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रुंदीत १ टक्का चूक झाली की स्थिरांकात २ टक्के चूक होते. वस्तुमान आणि तरंगलांबी पुस्तकातून मिळतात आणि त्यांत काळजीचं कारण नाही. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत, रुंदी आणि तापमान.

आणखी एक. २० मे २०१९ पासून या स्थिरांकाचं मूल्य व्याख्येनेच ठरलेलं आहे: १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात, ज्यूल प्रति केल्विन. त्यात आता अनिश्चितता उरलेली नाही. म्हणून तुमचं उत्तर वेगळं आलं तर तो सगळा फरक तुमच्या मांडणीचा आहे. मला हा प्रयोग शिकवायला आवडतो तो याचसाठी.

## टप्पा १: रेषा निवडा

नैसर्गिक रुबिडियममध्ये ८५ वस्तुमानांकाचे अणू ७२.१७ टक्के आणि ८७ चे २७.८३ टक्के असतात. दोघांच्या मूळ पातळ्या दुभंगलेल्या (कुठला भाग ते एफ या क्रमांकाने सांगतात), त्यामुळे स्कॅनमध्ये, म्हणजे लेझरची वारंवारता सरकवत नेताना, पार जाणाऱ्या प्रकाशात चार खड्डे दिसतात. मुलं त्यातला सगळ्यात खोल किंवा सगळ्यात डावीकडचा खड्डा उचलतात. पहिली चूक इथेच होते.

प्रत्येक खड्ड्याच्या आत तीन-तीन रेषा लपलेल्या आहेत. रुबिडियम-८७ च्या एफ = २ खड्ड्यात त्या ४२४ मेगाहर्ट्झवर पसरलेल्या असतात, आणि डॉप्लर रुंदीच ५११ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. तिथे एकच गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवला तर विचरणाच्या हिशेबाने स्थिरांक ४० टक्क्यांपर्यंत फुगू शकतो. शिवाय शेजारचा रुबिडियम-८५ चा मोठा खड्डा त्याच्या अंगावर चढलेला असतो.

निवडायची ती रुबिडियम-८५ ची एफ = २ रेषा. तिच्या आतल्या तीन रेषांमधली अंतरं फक्त २९.४ आणि ६३.४ मेगाहर्ट्झ आहेत, आणि त्यांच्या तीव्रतांचं प्रमाण २७ : ३५ : २८. एका बाजूचा शेजारी सुमारे २.९ गिगाहर्ट्झवर, दुसरा सुमारे अडीच गिगाहर्ट्झवर, म्हणजे दोन्ही बाजूंना सपाट जमीन मिळते. इथेही एकच गाउसियन बसवला तर सुमारे ३ टक्के फुगवटा येतो, पण तो फिटमध्ये काढता येतो.

तपासणी: चारही खड्डे एकदा पडद्यावर आणा आणि मोठ्याने नावं घ्या: ८७ एफ = २, ८५ एफ = ३, ८५ एफ = २, ८७ एफ = १, कमी वारंवारतेकडून जास्तीकडे. ओसिलोस्कोपवर क्रम उलटा दिसू शकतो. पिझोला (लेझरची वारंवारता सरकवणाऱ्या स्फटिकाला) मिळणारा व्होल्टेज वाढतो तेव्हा वारंवारता वाढते की घटते, ते आधी ठरवा.

## टप्पा २: सेलचं तापमान, खोलीचं नव्हे

"सर म्हणाले रूम टेंपरेचर, म्हणून ३०० घेतलं." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! इंदूरची मार्चमधली दुपार, एसी चालू-बंद, वर पंखा, शेजारी लेझरचा गरम कंट्रोलर. या खोलीला एक तापमान नसतं. १ केल्विनची चूक म्हणजे स्थिरांकात ०.३३ टक्के, आणि भिंतीवरच्या थर्मामीटरपेक्षा सेल सहज ३-४ अंशांनी वेगळा असतो.

आम्ही करतो ते असं. ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा मधून पोखरून घ्यायचा आणि सेल त्यात सैल बसेल एवढं भोक ठेवायचं. ठोकळ्याभोवती थर्मोकोल, बीमसाठी दोन्ही टोकांना छोटी भोकं. पीटी-१०० चे दोन सेन्सर, एक पुढच्या काचेजवळ आणि एक मागच्या, थर्मल पेस्ट लावून. सेन्सर महाराणी रोडवर मिळतात, पण घरी आणल्यावर बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवून शून्य तपासल्याशिवाय वापरू नका. बर्फ किसून घ्या आणि पाणी कमी ठेवा. मोठे खडे पाण्यात तरंगत असतील तर तळाचं पाणी शून्याला नसतं.

मुख्य मोजमापात हीटर लावू नका. आमच्या सेलमध्ये खोलीच्या तापमानाला या रेषेवर साधारण पाव भाग प्रकाश शोषला जातो, तेवढं पुरे. दर सहा-सात अंशांना वाफेची घनता जवळपास दुप्पट होते, म्हणून नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत काहीही न करता शोषण वाढलेलं दिसेल.

मोजमाप रात्री करा. मालव्यातल्या रात्री निवतात, इमारत शांत होते, लिफ्ट थांबते. आमच्याकडे दहानंतर ठोकळ्याचं तापमान तासाला अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी सरकतं, दुपारी मात्र तेवढ्याच वेळात ते दीड अंश चढलेलं मी पाहिलंय.

तपासणी: दोन्ही सेन्सरमधला फरक ०.३ अंशापेक्षा जास्त असेल तर थांबा. आणखी अर्धा तास द्या.

## टप्पा ३: लेझर आणि बीम

सावधान: ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम मंद लाल दिसतो. मंद दिसतो म्हणून मुलं वाकून बघतात. डोळ्याच्या पडद्यावर पोचणारी ऊर्जा मात्र मंद नसते. योग्य गॉगल घाला, अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि बीमच्या उंचीवर कधीही डोळे नेऊ नका.

लेझर किमान दीड तास चालू ठेवा. आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा, नाहीतर परावर्तित प्रकाश परत लेझरमध्ये शिरून मोड उडवतो, म्हणजे वारंवारता अचानक उडी मारते. निवडलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान १.५ गिगाहर्ट्झ, आणि एका बाजूला टप्पा ४ मधल्या एफ = ३ च्या शिखरापलीकडे, मोड न उडता स्कॅन झाला पाहिजे. उडी कशी ओळखाल? खड्ड्याच्या उतारावर अचानक उभी पायरी दिसते. ती लहान असली तरी तो डेटा फेकून द्या.

आता तीव्रतेकडे वळू. इथे सगळेच घसरतात. पुस्तकात संपृक्तता तीव्रता (जिच्या आसपास अणूंचं शोषण कमी पडू लागतं) काही मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर दिलेली असते, म्हणून विद्यार्थी म्हणतो, मी शंभरावा भाग वापरला, सुरक्षित आहे. तसं नाही. एक अणू ५ मिलिमीटरच्या बीममधून साधारण २० मायक्रोसेकंदांत पार होतो. शंभराव्या भागाच्या तीव्रतेतही तेवढ्या वेळात तो तीन-चार फोटॉन पिऊन टाकतो आणि दुसऱ्या मूळ पातळीत, म्हणजे एफ = ३ मध्ये, जाऊन पडतो. मग तो आपल्या रेषेच्या कामाचा राहत नाही. त्यामुळे खड्ड्याचा आकार बिघडतो, बहुधा रुंदी वाढते आणि स्थिरांकही वाढतो.

म्हणून बीम ५ मिलिमीटरपर्यंत पसरवा आणि सेलमध्ये शिरणारा प्रकाश १ मायक्रोवॅटवर आणा. सिलिकॉन फोटोडायोड १ मायक्रोवॅटला साधारण अर्धा मायक्रोॲम्पिअर देतो. १ मेगाओहमच्या ॲम्प्लिफायरवर तो अर्धा व्होल्ट होतो, वाचायला भरपूर.

तपासणी: तीव्रता निम्मी करा, पुन्हा मोजा. रुंदी बदलली तर अजून निम्मी करा. बदल थांबेपर्यंत हे चालू ठेवा. या पायरीला पाऊण तास लागतो, आणि नेमकी हीच पायरी सगळे टाळतात.

सेल किंचित तिरका ठेवा. ३ मिलिमीटर जाडीच्या काचेतलं परावर्तन सुमारे ३३ गिगाहर्ट्झच्या लाटा उठवतं. आपल्या छोट्या स्कॅनमध्ये लाट दिसत नाही, तळरेषेला फक्त बाक आल्यासारखं वाटतं.

## टप्पा ४: वारंवारतेची मोजपट्टी

ओसिलोस्कोपचा आडवा अक्ष वेळ दाखवतो, वारंवारता दाखवत नाही. त्या वेळेचं मेगाहर्ट्झमध्ये रूपांतर कसं करता, यावर अर्धा प्रयोग उभा आहे.

दोन पट्ट्या एकदम वापरा. पहिली, कॉन्फोकल फॅब्री-पेरो पोकळी: समोरासमोरचे दोन वक्र आरसे, जे सारख्या अंतरावरच्या वारंवारतांनाच प्रकाश पार जाऊ देतात. तिच्या शिखरांमधलं अंतर प्रकाशाचा वेग भागिले लांबीच्या चौपट एवढं असतं. लांबी २५ सेंटिमीटर असेल तर ३०० मेगाहर्ट्झ. कित्येक जण इथे साध्या पोकळीचं सूत्र लावतात, लांबीच्या दुपटीने भागतात, आणि ६०० धरतात. मग स्थिरांक चौपट येतो. लांबी टेपने मोजून केलेला हिशेब फक्त अंदाजापुरता आहे.

दुसरी पट्टी निसर्गाची. वेगळ्या सेलमध्ये संपृक्त शोषणाची मांडणी करा: एक जोरदार पंप बीम आणि उलट दिशेने एक मंद प्रोब. डॉप्लरच्या खड्ड्यात बारीक टोकदार शिखरं दिसतील. रुबिडियम-८५ च्या एफ = ३ वरून एफ-प्राइम = ४ ला (एफ-प्राइम म्हणजे वरच्या पातळीचा क्रमांक) जाणारं शिखर आणि एफ = २ वरून एफ-प्राइम = ३ ला जाणारं शिखर यांच्यात २९१५.१ मेगाहर्ट्झ अंतर आहे. या दोन खुंट्यांवर पोकळीची शिखरं ताणून बसवा. खुंट्या लांबचं माप देतात, पोकळी मधली वाकडेपणाची दुरुस्ती करते. पिझो सरळ रेषेत सरकत नाही, म्हणून दोन्ही हव्यात.

सावधान: एफ = ३ खड्ड्यात सगळ्यात मोठं दिसणारं शिखर बहुधा खऱ्या रेषेचं नसतं. ते ३ आणि ४ यांच्या मधोमधचं क्रॉसओव्हर असतं, खऱ्या शिखराच्या सुमारे ६० मेगाहर्ट्झ खाली. ते खुंटी म्हणून धरलं तर पट्टी २ टक्क्यांनी चुकते आणि स्थिरांक ४ टक्क्यांनी.

सावधान: दोन्ही कामं एकाच सेलमध्ये करू नका. पंपाचा थोडासाही परावर्तित प्रकाश मोजायच्या खड्ड्यात भोकं पाडतो.

## टप्पा ५: शून्य कुठे आहे

बीम अडवा, दिवे बंद करा, डिटेक्टरचा व्होल्टेज नोंदवा. हे काळोखाचं शून्य.

पण तेवढ्याने भागत नाही. लेझरच्या प्रकाशात थोडा असाही प्रकाश असतो जो योग्य वारंवारतेवर नसतो आणि कितीही रुबिडियम ठेवलं तरी शोषला जात नाही. तो पकडायची युक्ती सोपी आहे. जास्तीचा एखादा सेल ६०-७० अंशांपर्यंत तापवा आणि तात्पुरता बीममध्ये ठेवा. रुबिडियम-८५ च्या मोठ्या खड्ड्याचा तळ पूर्ण काळा व्हायला हवा. तरीही जो व्होल्टेज उरतो तो खोटा प्रकाश. तुमचं खरं शून्य तिथे आहे.

सेलच्या आधी बीमचा एक तुकडा काढून दुसऱ्या डायोडवर पाडा. स्कॅन होताना लेझरची शक्तीही बदलते, म्हणून दोन्ही डायोडचं गुणोत्तर घ्यायचं, शून्य वजा केल्यानंतर. आधी भागाकार आणि मग वजाबाकी केली तर सगळं बिघडतं.

## टप्पा ६: नोंद

लांब लिहायची गरज नाही. सेकंदाला दोन-तीन स्कॅन पुरेत. चढता आणि उतरता स्कॅन वेगवेगळ्या फाइलींत साठवा. प्रत्येक फाइलीच्या नावात दोन्ही पीटी-१०० ची वाचनं घाला. वीस फाइली झाल्या की बीम अडवून शून्य पुन्हा तपासा. ५० हर्ट्झची लहर दिसत असेल तर अर्थिंग बघा, सरासरीने झाकू नका.

तपासणी: चढत्या आणि उतरत्या स्कॅनमधून येणारी रुंदी सारखी हवी. नसेल तर टप्पा ४ मधली पट्टी नीट बसलेली नाही.

## टप्पा ७: आधी लॉग, मग फिट

डॉप्लरचा घंटेसारखा आकार शोषकतेला असतो, पार गेलेल्या प्रकाशाला नसतो. म्हणून आत आलेला भागिले बाहेर गेलेला, या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या, आणि मग त्यावर फिट करा. "शोषण थोडंच आहे, काय फरक पडतो" असं वाटतं ना? मध्यावर १० टक्के शोषण असताना लॉग विसरलात तर स्थिरांक जवळपास ४ टक्के वाढतो. २५ टक्के असेल तर सुमारे ११. निम्मा प्रकाश शोषला जात असेल तर २७.

फिटमध्ये एक गाउसियन नको, तीन व्हॉइट आकार (गाउसियन आणि रेषेची नैसर्गिक रुंदी यांचे मिश्र आकार) हवेत. त्यांच्यातली अंतरं २९.४ आणि ६३.४ अशी बांधून टाका, प्रमाण २७ : ३५ : २८ बांधून टाका, नैसर्गिक रुंदी ६.०७ मेगाहर्ट्झ बांधून टाका. तिन्हींची गाउसियन रुंदी एकच ठेवा, तीच शोधायची आहे. ६ मेगाहर्ट्झ किरकोळ वाटले तरी ते सोडले तर स्थिरांक सव्वा टक्क्याने वाढतो. तळरेषेसाठी वर्गपदी वक्र पुरे. मोकळे राहतात फक्त रुंदी, उंची, मध्य आणि तळरेषा.

आता त्या १.३९ वाल्या फाइलीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आनंदाने आली, "मॅडम, एका टक्क्यात आला!" मी स्कॅन उघडला. मध्यापासून दोन्हीकडे जेमतेम ५०० मेगाहर्ट्झ घेतले होते आणि टोकांना टेकवून तळरेषा ओढली होती. तिथे घंटा अजून संपलेली नव्हती, साडेसात टक्के उंची शिल्लक होती. ती कापल्यामुळे रुंदी कमी झाली, आणि एवढ्यानेच स्थिरांक सुमारे १० टक्के घटतो. आणि लॉग? घेतलाच नव्हता. शोषण २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ११ टक्के वाढ. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि उत्तर छान दिसलं. तिने मन लावून काम केलं होतं, म्हणून सांगायला मलाच जड गेलं. आम्ही दोघींनी तो डेटा बाजूला ठेवला आणि त्याच रात्री नवा स्कॅन घेतला.

तपासणी: फिट वजा केल्यावर उरलेला आलेख बघा. मध्ये कुबड आणि दोन्ही बाजूंना दरी दिसली तर लॉग किंवा तीव्रतेची चूक आहे. फक्त टोकं वाकलेली असतील तर तळरेषेची.

## टप्पा ८: आकडा झाकून ठेवा

उत्तर सगळ्यांना पाठ आहे, हाच या प्रयोगातला सगळ्यात मोठा धोका. १.४५ आला की आपण चूक शोधतो, १.३८ आला की शोधणं थांबवतो. म्हणून फिट सुरू करण्याआधी जोडीदाराला एक काम द्या. त्याने ०.९ ते १.१ मधला एक आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचा आणि वारंवारतेचा अक्ष त्या आकड्याने गुणून तुम्हाला फाइल द्यायची. अंतरं आणि नैसर्गिक रुंदीही त्याच प्रोग्रामने आतल्या आत त्याच पटीत वाढवायची, म्हणजे फिट बिघडत नाही. तुम्हाला जी रुंदी मिळेल ती खरी नसेल, त्यामुळे स्थिरांक "जुळतोय" का हे कळणारच नाही.

पाकीट बंद असतानाच चुकांचा तक्ता पूर्ण करा. तापमानाचे किती, पट्टीचे किती, शून्याचे किती, तीव्रतेचे किती, प्रत्येकाची रक्कम टक्क्यांत आणि त्याच्यासमोर ती कुठल्या तपासणीतून आली हे. तक्त्यावर दोघांनी सही करा. मग पाकीट फोडा.

एक नमुना हिशेब: तापमान ३००.१५ केल्विन, गाउसियन रुंदी ५२१ मेगाहर्ट्झ. या तापमानाला अपेक्षित रुंदी ५१७.४. गुणोत्तराचा वर्ग १.०१४, म्हणजे स्थिरांक १.४०० आला, १.४ टक्के जास्त. तुमच्या तक्त्याची एकूण बेरीज दीड टक्का असेल तर काम चांगलं झालंय, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत याहून फार पुढे जायची अपेक्षा मी करत नाही. बेरीज ०.३ टक्के लिहिली असेल आणि फरक १.४ निघाला असेल, तर तक्त्यातली एखादी ओळ खोटी आहे. ती शोधायला टप्पा ३ पासून सुरुवात करा, कारण तीव्रतेची चूक बहुधा वरच्याच बाजूला ढकलते. नंतर टप्पा ५ मधला खोटा प्रकाश बघा, मग क्रॉसओव्हर.

तीन वेगवेगळ्या तापमानांना मोजून रुंदीच्या वर्गाचा तापमानाशी आलेख काढावा का, असं विचारतात. काढा, पण त्याच्या उतारावरून स्थिरांक काढू नका. २५ ते ४५ अंशांत रुंदी सव्वातीन टक्केच बदलते, एवढ्याशा पल्ल्यात उतार भरवशाचा मिळत नाही. आलेखाचा उपयोग वेगळा आहे: स्थिरांकाचं व्याख्येतलं मूल्य धरून रेषा ओढा आणि तुमचे बिंदू तिच्यावर बसतात का बघा. तिन्ही बिंदू सारख्याच अंतराने वर असतील तर तापमानाशी संबंध नसलेलं काहीतरी रेषेला रुंद करतंय. तापमानाबरोबर अंतर वाढत असेल तर शोषण वाढल्याचा परिणाम आहे, आणि मग टप्पा ५ मधलं शून्य पुन्हा मोजायचं.

पाकीट फोडल्यावर आलेला आकडा वहीत शाईने लिहा, तारीख आणि वेळ घालून. नंतर फिटमध्ये काही बदललंत, तर तो नवा आकडा त्याच्या खाली, बदलाच्या कारणासकट. पहिला खोडायचा नाही.